तक्त्यातली एक बाई

जूनचा दुसरा सोमवार, सकाळचे अकरा. संशोधनाला मंजूर रक्कम अठ्ठेचाळीस हजार रुपये. हजर: आमच्या कॉलेजचे प्राचार्य, इंदापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या प्रमुख मॅडम, एक डॉक्टर, एक वकील, मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवणारे लक्ष्मणतात्या आणि मी. माणसं सहा, चहा सात आले. सातवा हवालदार भानुदासरावांचा. ते बाहेर जीपजवळ उभे राहून कुणाशी तरी गप्पा मारत होते. जीप आणि आमच्यामध्ये एक व्हरांडा, एक भिंत आणि एक बंद खिडकी होती. तरी त्यांचा शब्द न् शब्द आम्हाला ऐकू येत होता. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मी बारामतीच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवतो. पोलिसांशी माझा संबंध तोपर्यंत एकदाच आला होता, पासपोर्टच्या चौकशीला. त्यामुळे "सर, तुम्ही पोलिसांबरोबर संशोधन करताय म्हणे, कोणाला पकडलं?" असं लोक विचारू लागले, तेव्हा काय सांगावं हे कळेना. इथे एकदाच सांगून टाकतो.

माणूस ठाण्यात तक्रार देतो. मोटारसायकल गेली, विहिरीवरची केबल गेली, भांडणात डोकं फुटलं. त्यानंतर त्याला कुणी काही कळवत नाही. तो वाट बघतो, मग बघणं सोडतो आणि गावात सांगत सुटतो की पोलीस काही करत नाहीत. मॅडमचं म्हणणं असं, की आठ दिवसांच्या आत ठाण्यातून एक साधा फोन गेला, 'तुमची तक्रार आमच्या लक्षात आहे' एवढंच सांगितलं, तरी लोकांचा विश्वास वाढेल. मॅडम वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या, पण एक गोष्ट त्यांनी चांगली केली. "मला असं वाटतं" इथे थांबून त्यांनी "हे खरं आहे का ते तपासायचं कसं?" असं विचारलं. सरकारी माणसाने हा प्रश्न विचारलेला मी प्रथमच ऐकला.

तपासायची रीत सोपी आहे. तक्रारी येतील तसे साठ तक्रारदार घ्यायचे. चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांना फोन करायचा, निम्म्यांना नाही. दीड महिन्याने सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे आणि दोन गटांच्या उत्तरांत फरक पडतो का ते बघायचं. चिठ्ठ्या यासाठी, की फोन कुणाला करायचा हे माणसाने ठरवलं तर तो ओळखीच्यांना, सज्जनांना आणि आमदारांच्या पाहुण्यांना आधी करणार.

माणसांवर असा प्रयोग करायचा तर नीतिमत्ता समिती लागते. तिच्यात नियमाप्रमाणे एक सामान्य माणूस असावा लागतो, ज्याला संशोधनातलं काही कळत नाही. लक्ष्मणतात्या त्या जागेवर होते. पहिल्या बैठकीत आम्ही पाच शिकलेली माणसं संमतिपत्राची भाषा सुधारत बसलो होतो. तात्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, मला एक सांगा. दारात पोलीस हुबा हाय आन् म्हणतोय, तुमची मर्जी आसंल तर उत्तर द्या. ह्येला मर्जी म्हणत्यात व्हय?"

वकिलांनी पेनाचं टोपण लावलं.

मग चार अटी ठरल्या, चारही तात्यांच्या. प्रश्न विचारायला मी एकट्याने जायचं, वर्दीतला माणूस बरोबर नको. भेट ठाण्यात किंवा चारचौघांत नको. नावं एका वहीत, उत्तरं दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही माझ्या घरच्या कपाटात कुलपात. आणि कोण काय म्हणालं हे पोलिसांना कधीही कळता कामा नये. मी या अटी टाइप करून त्याखाली सही केली. हे महत्त्वाचं आहे, कारण अटी कुणी मोडल्या असतील तर ती सही माझी आहे.

फोन करायचं काम भानुदासरावांकडे आलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, गुडघे दुखायचे, बसून करायचं काम त्यांना हवं होतं. मी त्यांना तीन वाक्यं लिहून दिली: "नमस्कार. मी ठाण्यातून हवालदार भानुदास बोलतोय. आपली तक्रार आमच्या लक्षात आहे, काही अडचण असेल तर सांगा." यात भिण्यासारखं काय आहे? कागदावर काहीच नाही. पण भानुदासरावांची निम्मी नोकरी वायरलेसवर गेली होती, आणि वायरलेसवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही अशी त्यांची खात्री होती.

पहिला फोन केबल चोरीला गेलेल्या एका शेतकऱ्याला लागला. भानुदासरावांनी "नमस्कार!" म्हटलं. पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग, "सायेब, मी चोर न्हाय हो! माजीच केबल गेलीया!"

"माहिती हाय! तुमची तक्रार आमच्या लक्षात हाय!"

"मागं घितो की सायेब. आत्ता यून मागं घितो."

"आरं मागं कशाला घेतो! अडचण काय हाय ती सांग!"

"कायबी अडचण न्हाय सायेब. केबलीचीबी न्हाय."

दुसऱ्या फोनचा माणूस लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला. तो पाळी अर्धी टाकून थेट ठाण्यात आला. बरोबर सुपरवायझर, मेहुणा आणि गावचे माजी उपसरपंच. तिसऱ्याने फोन घेतला, ऐकला आणि बंद करून ठेवला. तो चार दिवस करमाळ्याला सासुरवाडीत होता असं नंतर समजलं. चौथा मात्र खूश झाला. नारळ आणि शाल घेऊन आला, ज्याने फोन केला त्याचा सत्कार करायचा म्हणून. मॅडमनी नारळ परत दिला. शाल घेतली नाही म्हणून तो रुसला आणि पुढे माझ्या प्रश्नांना 'असमाधानी' म्हणाला.

मी भानुदासरावांना हळू बोलायला शिकवायचा प्रयत्न केला. "असं समजा, पलीकडे तुमच्या बहिणीची सासू आहे."

"तिच्याशी तर मी बोलतच न्हाय, सर."

याहून मोठा घोटाळा फोन संपल्यावर उघड झाला. मी फोनची यादी तपासत होतो. तीस जणांना फोन करायचे होते, नोंदी सदतीस. मी विचारलं, हे जादा सात कोण?

"ती दुसऱ्या गटातली," भानुदासराव म्हणाले. "त्येंना फोन करायचाच न्हाय म्हंजे काय सर? त्येंनी काय घोडं मारलंय? निवांत वेळ हुता, म्हणलं करावा."

"अहो, त्यांना फोन न करणं हाच तर प्रयोग आहे!"

"हा कसला परयोग? एकाला वाढायचं आन् दुसऱ्यानं ताटाकडं बघत बसायचं!"

शिवाय त्यांनी नोंदीच्या शेवटच्या रकान्यात सदतीसच्या सदतीस जणांपुढे 'समाधानी' लिहून ठेवलं होतं. तो रकाना माझा होता. तो दीड महिन्याने, मी विचारून भरायचा होता. "तुमची येरझार वाचावी म्हणून," ते म्हणाले.

अशा वेळी संख्याशास्त्रात एकच सरळ मार्ग असतो. ज्याला जी चिठ्ठी निघाली त्या गटात तो राहतो, मग त्याला फोन गेला असो वा नसो. गोंधळ लपवायचा नाही, गोंधळासकट मोजायचं. मी तसंच केलं.

आता त्या बाईंकडे येतो. त्यांचं नाव इथे हिराबाई लिहितो. ते खरं नाव नाही. धरणाच्या फुगवट्याकडच्या एका गावात रस्त्याकडेच्या भिंतीला टेकून चार बायका मासे विकायला बसतात. हिराबाई त्यांतल्या एक. गाव कोणतं ते लिहिणार नाही. "लेखातून मासेही काढून टाकू का?" मी त्यांना विचारलं होतं. "का वो? मासं इकायची मला लाज हाय व्हय?" त्या म्हणाल्या. म्हणून मासे राहिले.

त्यांचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा चोरीला गेला होता आणि त्यांनी रीतसर तक्रार दिली होती. चिठ्ठी 'फोन'ची निघाली. दीड महिन्याने मी त्यांच्या घरी गेलो. घर रस्त्यापासून लांब, पत्र्याचं, पुढे लिंबाखाली दोन खुर्च्या. मी संमतिपत्र वाचून दाखवलं. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"ह्ये कोण वाचणार?"

"मी एकटा."

"भानुदास सायेब?"

"कुणीच नाही. तुमचं नाव कुणाला कळणार नाही. माझा शब्द आहे."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली. मग म्हणाल्या, "सर, माज्या जागंचा कागद न्हाय. पोलिसानं उठ म्हणलं की उठायचं. ती जागा हाय म्हणून पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्साला हाय. जागा गेली की पोरगी घरी. तवा शब्द नीट दिवा."

मी नीट दिला. मग मी पहिला प्रश्न विचारला, ठाण्यातून फोन आला होता का?

"आला की! फोन करताना सायेब माज्या म्होरंच हुबं हुतं."

"म्हणजे?"

"आवो, तितंच भितीपाशी. म्हणले, फोन उचल. मी म्हणलं, सायेब, बोला की तोंडानं. म्हणले, न्हाय, सरांनी फोनवरच सांगाय सांगितलंय. मग मी उचलला. दोघांच्या कानाला फोन, मधी चिलापीची पाटी. त्येंनी सगळं म्हणून दाखिवलं. त्येंचा आवाज म्होरनंबी येतुया आन् फोनातनंबी. सगळा रस्ता हसतुया. मग फोन ठिवला आन् दीड किलो मासं घिऊन गेलं."

"किती पैसे दिले?" हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. आकडा आला की किंमत विचारायची मला सवय आहे.

"पैसं?" हिराबाई म्हणाल्या. "त्येंनी कवा दिलेत? बुधवार आन् रविवार. चार वर्सं झाली."

मी उत्तरपत्रिकेत 'असमाधानी'वर खूण केली आणि कारणाच्या ओळीत 'माल घेतात, पैसे देत नाहीत' असं लिहिलं. येताना भिगवणला चहाला थांबलो. मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. भानुदासरावांचा आवाज मला आवडायला लागला होता, त्यामुळे वाईटही वाटत होतं. पण बाई खरं बोलल्या, आणि त्या खरं बोलल्या कारण आमची पद्धत चांगली होती, अशी माझी समजूत होती.

साठही भेटी व्हायला पुढचा श्रावण उजाडला. मी कच्चा अहवाल तयार केला. कॉलेजचं झेरॉक्स मशीन बंद होतं म्हणून मॅडम म्हणाल्या, ठाण्यातून काढून आणू. सहा प्रती. त्या भानुदासरावांनीच काढल्या, स्टेपल केल्या आणि शनिवारी बैठकीत वाटल्या. नावं कुठेच नव्हती, नुसते आकडे होते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बैठक चांगली झाली. फोनमुळे समाधान वाढल्याचं दिसलं नाही, हे मी सांगितलं. मॅडमनी तोंड वाकडं न करता लिहून घेतलं. एकच वेगळी गोष्ट घडली. भानुदासराव चहा घेऊन आले आणि "सर, साखर?" असं इतकं हळू म्हणाले, की मला दोनदा विचारावं लागलं. मला वाटलं, सर्दी.

संध्याकाळी घरी मी अहवाल पुन्हा चाळत होतो. माझी पत्नी शेंगा सोलत समोर बसली होती. तिला आकड्यांत रस नाही, पण तक्ता दिसला की चुका काढायला आवडतं. तिने पान ओढून घेतलं. तक्ता चौथा: असमाधानी तक्रारदार, व्यवसायानुसार, स्त्री-पुरुष, कारणासह.

"मासेविक्री, स्त्री, एक," तिने वाचलं. "माल घेतात, पैसे देत नाहीत. म्हणजे ती काटा चोरीला गेलेली."

मी पान परत ओढलं. "तुला कसं कळलं?"

"तिकडे मासेवालीचा काटा चोरीला गेला हे तुम्हीच मागच्या वर्षी सांगितलं होतं. मासे विकणारी, तक्रार दिलेली, बाई. किती असणार? तुम्हीच लिहिलंय की, एक."

वर्गात दर वर्षी हे मी फळ्यावर लिहून देतो. तक्त्याच्या घरात एक किंवा दोनचा आकडा आला, तर ती संख्या राहत नाही, तो माणूस होतो. ते घर शेजारच्या घरात मिसळून टाकायचं. परीक्षेत चार मार्कांना हा प्रश्न असतो. त्यात मी स्वतः नापास झालो होतो आणि माझी उत्तरपत्रिका भानुदासरावांनी सहा प्रतींत छापून वाटली होती.

रविवारी प्राचार्य, डॉक्टर, वकील आणि तात्या यांच्या घरी जाऊन मी चार प्रती परत आणल्या. माझी धरून पाच. मॅडम पुण्याला बैठकीला गेल्या होत्या. त्यांची प्रत ठाण्यात होती. पण ज्याने अहवाल वाचायला नको होता, त्याने तो मशीनवरच वाचला होता. प्रती गोळा करून काय उपयोग होता?

तात्या दुकानात एका मोटारीची तार काढत बसले होते. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "आता आधी मॅडमना फोन करतो. त्या भानुदासरावांना सांगतील..."

"आदी बाईकडं," तात्या म्हणाले. "जिचं वाटूळं क्येलं तिला पैलं कळू द्या. बाकीचं मागनं."

सोमवारी सकाळी माझ्या स्कूटरवर आम्ही दोघं निघालो. गाव आलं, भिंत आली, आणि भिंतीखाली कुणी नव्हतं. पाट्या नाहीत, बायका नाहीत, पाण्याचा डागसुद्धा नाही. चारही जागा मोकळ्या. मी स्कूटर तशीच थांबवली आणि म्हणालो, "तात्या, उठवलं त्यांना. चौघींनाही. माझ्यामुळे."

तात्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर," ते म्हणाले, "आज श्रावणातला सोमवार हाय. मासं कोण घेनार?"

मला इतकं हलकं वाटलं की मी रस्त्यातच हसलो. पण ते हसू हिराबाईंच्या घरापर्यंत पुरलं नाही. लिंबाखाली त्याच खुर्चीवर बसून मी त्यांना तक्ता दाखवला, एकचा आकडा दाखवला आणि तो काय सांगतो ते समजावलं. त्या रागावतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. त्या रागावल्या नाहीत. चेहरा उतरला फक्त.

"सर, तुमी शब्द दिला हुता."

"हो."

"दोनदा इचारलं हुतं मी."

"हो."

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. मुलगी ऐकत असणार. मी बारा वर्षं परीक्षक आहे, विद्यार्थी काय काय कारणं देतात ते मला पाठ आहे. त्यांतलं एकही माझ्याकडे नव्हतं.

तात्या म्हणाले, "बाई, चूक ह्येंची हाय. तुमी सांगाल तसं करायचं. मॅडमकडं जायचं तर जाऊ, न्हाय म्हणाल तर न्हाय."

हिराबाई तो कागद बघत होत्या. त्यांना वाचता येत होतं, सावकाश. बोट एकवर नेऊन त्या म्हणाल्या, "ह्ये एक का हाय?"

"तुम्ही एकट्याच म्हणालात ना."

"आमी चौघी हाव तितं. चौघीकडनं नेत्यात. पाळीपाळीनं."

"पण त्या तिघींनी तक्रार दिलेली नाही. त्या माझ्या साठात नाहीत. त्यांना मी विचारू शकत नाही."

"तुमी नका इचारू," हिराबाई म्हणाल्या. "मी इचारती. मला दोन दिस द्या. आन् सर, ह्या दोन दिसांत तुमी कायबी करू नका. तुमी केलं की वंगाळ हुतंय."

मी दोन दिवस काहीच केलं नाही. माझ्या कामाच्या आयुष्यातले ते सर्वांत कष्टाचे दोन दिवस. जागा गेल्याची बातमी येईल म्हणून फोन वाजला की दचकत होतो. भानुदासरावांच्या फोनला लोक का दचकायचे ते मला तेव्हा नीट कळलं.

बुधवारी मॅडमचा फोन आला. "सर, ताबडतोब या."

ठाण्यात बाकावर चार बायका एका ओळीत बसल्या होत्या, इस्त्रीच्या साड्या नेसून. मधल्या हिराबाई. टेबलाच्या बाजूला भानुदासराव उभे, टोपी काखेत. मॅडमनी मला बसायला सांगितलं आणि बायकांना म्हणाल्या, "हं, आता सांगा. न घाबरता."

"आता घाबरायचं काय," हिराबाई म्हणाल्या. "एक हुते तवा घाबरत हुते."

मग चौघींनी सांगितलं. एकमेकींना मधे तोडत, वार दुरुस्त करत, किलो दुरुस्त करत. भानुदासराव शेवटी न राहवून म्हणाले, "मॅडम, मी कवा मागितलं न्हाय. ह्या आपणहून द्यायच्या."

"आपणहून?" टोकाची म्हातारी उठलीच. "आन् ती पिशवी फुडं कोण धरायचं? माजा बाप?"

"पिशवी मोकळीच असायची माझ्याकडं..."

"मोकळी यायची, भरून जायाची!"

बाहेरचा पहारेकरी हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चौघींचे जबाब स्वतःच्या हाताने लिहून घेतले, वाचून दाखवले, सह्या घेतल्या. भानुदासरावांचं प्रकरण वर पाठवते असं त्यांच्यासमोरच सांगितलं. आणि बायकांना म्हणाल्या, "जागेचा निर्णय ग्रामपंचायतीचा आहे. माझ्या ठाण्यातला कुणी तुम्हाला तिथून उठवायला आला, तर त्याच्याकडे माझी लेखी ऑर्डर आहे का विचारा. नसेल तर उठू नका."

"ह्ये लिहून मिळंल का?" हिराबाईंनी विचारलं. मिळालं. शिक्क्यासह. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या जागेचा काहीतरी कागद झाला.

बायका गेल्यावर भानुदासराव माझ्यापाशी आले. "सर, कागद वाचला त्या दिवशीच मला कळलं. पण मी तिला काय बोललो न्हाय. तिच्याकडं गेलोसुदीक न्हाय. चार दिस जेवण गेलं न्हाय."

"का गेला नाहीत?"

"गेलो तर मासं घ्यावं लागलं असतं," ते म्हणाले. मी अजून त्या उत्तराचा अर्थ लावतो आहे.

शनिवारी समितीसमोर मी माझी चूक वाचून दाखवली. अहवालात 'संशोधकाची चूक' नावाचं एक पान घातलं. प्राचार्यांना ते नको होतं. कॉलेजचं नाव खराब होतं म्हणाले. मॅडम म्हणाल्या, पान राहू द्या, माझ्या हवालदाराचंही त्यात आहे. पक्क्या अहवालात तक्ता चारमध्ये मासेविक्री नाही. 'इतर छोटे व्यवसाय, स्त्री-पुरुष मिळून: अकरा' असं आहे. कारणांचा रकाना काढून टाकला. मॅडमनी तो अहवाल वरच्या साहेबांना पाठवला, फोनचा उपयोग दिसला नाही या वाक्यासकट. असं वाक्य वर पाठवायला धाडस लागतं. लोकांच्या समाधानाबद्दल आम्हाला फार काही कळलं नाही. फोनपेक्षा माणसाने येऊन सांगावं असं बऱ्याच जणांनी म्हटलं, एवढं मात्र त्यात आहे.

भानुदासरावांना लेखी ठपका मिळाला आणि फोनचं काम काढून घेतलं. दुसऱ्या शिक्षेचा आनंद तालुकाभर झाला. हा लेख छापण्यापूर्वी मी त्यांनाही वाचून दाखवला. माशांबद्दल ते काही बोलले नाहीत. आवाजाबद्दल वाढवून लिहिलं आहे, असं मात्र म्हणाले. ते ऐकून शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली होती.

अहवालाचा सारांश प्रत्येक तक्रारदाराला तोंडी सांगायचा, असं संमतिपत्रात लिहिलं होतं. गणपती उठल्यावर एका रविवारी मी हिराबाईंच्या भिंतीपाशी गेलो. चारचौघांत नको म्हणून घरी भेटू का विचारलं. "आता काय राहिलंय झाकायचं? बोला हितंच," त्या म्हणाल्या. मी सांगत होतो तेवढ्यात भानुदासराव आले. साधा पांढरा शर्ट, हातात पिशवी. ते पाटीसमोर उभे राहिले आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "चिलापी काय भाव?"

"एकशे वीस."

"दीड किलो."

हिराबाईंनी नव्या काट्यावर तोलून दिलं. काट्यावर दीड आला की हात थांबला. वर एक शेपूटही टाकलं नाही. भानुदासरावांनी खिशातून नोटा काढल्या, मोजल्या, दिल्या. त्यांनीही मोजल्या. मग ते माझ्याकडे वळले.

"सर, बघितलं न्हवं? आता तेवढं 'असमाधानी' खोडून 'समाधानी' करा की."

"नाही करता येत. भेटी संपल्या, वही बंद झाली."

"आवो, म्या पैसं दिलं!"

"तरीही नाही."

त्यांनी आशेने हिराबाईंकडे बघितलं. हिराबाई पाण्याने हात धूत होत्या. "सर म्हणत्यात ते बरुबर हाय," त्या म्हणाल्या. "एका येळंनं काय समाधान हुतंय? बुधवारी या."

त्या रविवारी दीड किलो चिलापीचे एकशे ऐंशी रुपये हवालदार भानुदासरावांनी हिराबाईंना रोख दिले. नोंद तशीच आहे.